घोडीच्या पायाला कोणता बूट?

पळताना मागचा खूर पुढच्या पायाला लागू नये, म्हणून आपण घोड्याला बूट घालतो. मीही घातले, निओप्रीनचे. आठवडाभरात घोडीच्या पायावरचे केस गेले, कातडी लाल! निओप्रीनमधून घाम बाहेर जात नाही, ओल आणि उष्णता आतच कोंडते. वर मातीचे कण घासतात.

म्हणून नाजूक कातडी असेल तर हवा खेळेल असे, मऊ अस्तराचे बूट बघा. पाय कोरडा आणि स्वच्छ करूनच घाला. पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. पहिल्या दिवशी २० मिनिटांनी काढून हात फिरवा. लाली दिसली किंवा तिनं पाय झटकला, तर तो बूट नकोच. जखम असेल तर आधी डॉक्टर. आणि रपेट संपली की बूट लगेच काढा हं!