हाताने केलेली भेट
(साखरखेर्डा येथील विहारात वर्षावासातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच दिला. जयंती, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की नातेवाइकांना, मित्रमंडळींना काय द्यावे आणि ते थोड्या वेळात घरच्या घरी कसे करावे, यावर बोला म्हणाले. विषय ऐकून एक-दोघे हसले. हा तर बायकांचा विषय, गिरणीतल्या माणसाला यातले काय कळते? आम्ही म्हणालो, ज्याने आयुष्यभर सूत काढले त्याला हातकामातले थोडे तरी कळत असेल. शिवाय सणासाठी घेतलेले उसने पैसे फेडायची वेळ येते तेव्हा तो विषय एकट्या बाईचा राहत नाही, साऱ्या घराचा होतो.

आम्ही काही पंडित नाही. शाळा सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर पुस्तके वाचून. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आधी आमचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही ज्या सूतगिरणीत होतो ती बंद पडली, त्या वर्षीची. आमची धाकटी बहीण मेहकर तालुक्यात दिलेली आहे. दरवर्षी अशोक विजयादशमीला आम्ही तिच्याकडे जायचो. साडी, भाच्यांना कपडे, मिठाईचा पुडा असे घेऊन जायचो. त्या वर्षी पगार नव्हता, किराणा दुकानाची उधारी थकली होती. रिकाम्या हाताने बहिणीच्या दारात कसे उभे राहायचे? म्हणून गेलोच नाही. प्रकृती बरी नाही असा निरोप पाठवला. बंधू-भगिनींनो, प्रकृतीला काही झाले नव्हते. पंचशीलातले चौथे शील आम्ही त्या दिवशी मोडले, हे इथे विहारात बसून कबूल करतो.

पंधरा दिवसांनी ती स्वतःच आली. सोबत जवसाच्या चटणीची बरणी होती. आम्ही धडधाकट बसलेलो पाहून तिला सगळे समजले. म्हणाली, "भाऊ, तू काहून नाही आला? मी तुही वाट पाहत होती, साडीची नाही." आम्हाला काही उत्तर देता आले नाही. ती चटणी आम्ही पुरवून पुरवून खाल्ली.

पुढच्या वर्षी आमच्या पत्नीने आमची गिरणीतली खाकी पँट काढली. गुडघे फाटले होते, पण खालचे कापड धड होते. त्याची तिने पिशवी शिवली आणि वर निळ्या दोऱ्याने धम्मचक्र भरले. ती घेऊन आम्ही बहिणीकडे गेलो. मधली सगळी वर्षे ती पिशवी बाजाराला जात होती. आता बहिणीची नात त्यात पाटी घालून अंगणवाडीत जाते. त्याआधी दिलेल्या साड्यांपैकी एकही आज शिल्लक नाही.

तर सांगण्याचा मुद्दा असा, की भेट देण्यासाठी पैसा नाही म्हणून माणसाने माणसाकडे जाणे बंद करू नये. आणि हाताने केलेली वस्तू ही गरिबाची पळवाट आहे, असेही कोणी समजू नये. त्याला आपल्या धम्मात फार जुना आणि मोठा आधार आहे.

पाली साहित्यात दक्खिणाविभंग नावाचे सुत्त आहे. महाप्रजापती गौतमी म्हणजे सिद्धार्थाची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला दूध पाजून वाढवले. ती कपिलवस्तूच्या निग्रोधारामात भगवंतांकडे आली आणि तिने नव्या वस्त्रांची जोडी पुढे ठेवली. हे मी स्वतः कातले आहे, स्वतः विणले आहे, ते स्वीकारावे, असे ती म्हणाली. भगवंतांनी सांगितले, हे संघाला दे, म्हणजे माझाही सन्मान होईल आणि संघाचाही. तिने तीनदा विनंती केली आणि तीनही वेळा हेच उत्तर मिळाले. विचार करा, शाक्यांच्या घरातली बाई. तिला विकत आणता आले नसते काय? पण आपल्या हाताने वाढवलेल्या पोरासाठी तिने स्वतः सूत कातले.

आम्ही हे सुत्त पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला आमची रिंग फ्रेम आठवली. आम्ही इतकी वर्षे सूत काढले, तुटलेले धागे सांधले, बॉबिन भरल्या. ते सूत कोणाच्या अंगावर गेले ते आम्हाला कधी कळले नाही. गौतमीला ते कळत होते. कारखान्याच्या वस्तूत आणि हातच्या वस्तूत हाच फरक आहे.

दुसरा आधार कठीण चीवरदानाचा. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि तिथून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना चीवरदानाचा. त्यात नियम असा, की मिळालेले कापड भिक्खूंनी त्याच दिवशी बेतायचे, शिवायचे, रंगवायचे. एका दिवसात काम पुरे. म्यानमार देशात तर कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास यांगोनच्या श्वेडगोन पॅगोडात बायका मागावर बसतात आणि रात्रभर विणून पहाटेपर्यंत चीवर तयार करतात. म्हणजे थोड्या वेळात, पण मन लावून केलेली भेट ही आपल्याकडे परंपराच आहे.

तिसरी गोष्ट बाबासाहेबांची. शाळेत असताना ते परीक्षा पास झाले म्हणून मुंबईत लोकांनी सत्काराची सभा घेतली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी छोट्या भीमरावाला एक पुस्तक भेट दिले. ते पुस्तक होते गौतम बुद्धाचे चरित्र, आणि ते गुरुजींनी स्वतः लिहिलेले होते. पुढे १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या भेटीची आठवण सांगितली आहे. त्या वाचनाने आपण बुद्धाकडे वळलो, असे त्यांनी लिहिले. एका माणसाने आपल्या कष्टाची वस्तू एका पोराच्या हातात ठेवली आणि त्या पोराने पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आम्ही पाचच वस्तू सांगतो. पहिल्या चार एका बैठकीत होतात, पाचवीला चार संध्याकाळी लागतात.

पहिली वस्तू वही. परीक्षा संपली की पोरांच्या वह्या रद्दीत जातात आणि त्यात कितीतरी कोरी पाने असतात. वहीच्या पिना काढा. मधली जोडपाने दोन्हीकडून कोरी असतात, ती वेगळी करा. अशी बारा जोडपाने एकात एक ठेवली की अठ्ठेचाळीस पृष्ठांची वही होते. वर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद पाठीकडून लावा. घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकाकडे नेऊन बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणून गाठ मारा. झाली वही. सुटी पाने असतील तर ती एकावर एक रचून कडेपासून अर्धा इंच आत शिवावीत. जयंतीला आणि सहा डिसेंबरला हारफुलांऐवजी वही-पेन आणा असे आवाहन अलीकडच्या वर्षांत होत असते. ती वही आपल्या हातची असेल तर किती चांगले!

दुसरी वस्तू पिशवी. पंधरा इंच रुंद, चौतीस इंच लांब असे धड कापड घ्या. जुनी पँट, चादर, पडदा काहीही चालेल. लांबीत दुमडून दोन्ही बाजू शिवा, तोंडाला पट्टी दुमडा. तीन इंच रुंद आणि वीस इंच लांब अशा दोन पट्ट्या दुमडून बंद करा आणि ते दोनदा शिलाई मारून पक्के बसवा, कारण पिशवी नेहमी बंदाशीच फाटते. मशीन असेल तर अर्धा तास, हाताने दोन तास. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तरी आठवडी बाजारात त्या अजून हातोहात दिसतात. तेव्हा ही भेट शोभेची नाही, रोजच्या उपयोगाची आहे.

तिसरी वस्तू कंदील. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघरी बांबूच्या कामट्यांचे आणि पातळ कागदाचे कंदील करतात, एकमेकांना शुभेच्छापत्रेही पाठवतात. आपल्या पोरांना पतंग करता येतो, मग कंदील का येऊ नये? एक-एक फुटाच्या बारा कामट्या दोऱ्याने बांधून चौकोनी पेटी करा. चार बाजूंना पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवा. एक बाजू निळी, एक पिवळी, एक लाल, एक पांढरी, आणि खाली नारंगी झिरमिळ्या. हे पंचरंगी ध्वजाचे रंग आहेत, जो १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला. आत दिव्याची ज्योत ठेवू नका, छोटा एलईडी बल्ब सोडा. शेजाऱ्याच्या दारात लावून द्या. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे विचारायचे काम नाही.

चौथी वस्तू बहिणीची चटणी. पाव किलो जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. दहा-बारा सुक्या मिरच्या आणि मूठभर लसूण थोड्या तेलात परता. गार झाल्यावर मीठ घालून कुटा. कोरड्या काचेच्या बरणीत भरा. एक काळजी घ्या, जवसाला तेल सुटते आणि फार दिवस ठेवली तर वास येतो. म्हणून थोडी करा, ताजी द्या, पंधरा-वीस दिवसांत संपवा असे सांगा. भाकरीबरोबर खाताना देणाऱ्याची आठवण रोज निघते.

पाचवी वस्तू आमच्या मते सर्वांत मोलाची. पहिल्या वस्तूत जी वही केली तिच्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण लिहा. आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, ते १७२४ च्या लढाईमुळे. निजामाने इथे मुबारिजखानाला हरवले आणि गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा केले. हे सगळे लिहिलेले सापडते. पण या भागातून १९५६ साली पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला कोण गेले, कसे गेले, भाकरी किती दिवसांची बांधली, परत आल्यावर गावाने कसे वागवले, हे कुठे सापडणार? ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले ती माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. दरवर्षी त्यातली काही कमी होतात. नातवंडांनो, चार संध्याकाळी आजीजवळ बसा. ती जशी बोलते तसेच लिहा, भाषा सुधारू नका. मग त्या वहीच्या दोन प्रती हाताने उतरवा, एक मामाकडे, एक आत्याकडे द्या. आमच्या आईची आठवण लिहायची राहून गेली. सूत सांधायला वेळ होता, त्याला नव्हता. ती चूक तुम्ही करू नका.

आता कोणी म्हणेल, लोक हसतील. लग्नाच्या आहेरात, सणाच्या देण्यात तोलामोलाचे पाहतात. जरूर पाहतात. म्हणूनच एकट्याने सुरुवात करणे जड जाते, चार घरांनी मिळून केली तर सोपे होते. सिगालोवाद सुत्तात मित्रांशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. दान, गोड बोलणे, उपयोगी पडणे, बरोबरीने वागणे आणि न फसवणे. दान आणि बरोबरी एकाच ओळीत बसवली आहेत, हे लक्षात घ्या. जे देणे समोरच्याला खाली पाहायला लावते, परतफेडीसाठी बचत गटाच्या हप्त्यात भर घालायला लावते, ते धम्माच्या हिशेबात बसत नाही. त्याच सुत्तात मालकाने कामगाराशी कसे वागावे तेही आहे. झेपेल तेवढे काम द्यावे, पोट भरेल असे वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, घरात काही चांगले-चुंगले झाले तर त्यातला वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. ते वाचताना आम्हाला काय वाटले असेल, हे गिरणीत राबलेल्याला सांगायला नको.

शेवटी समितीला एक विनंती. विहारात एक पेटी ठेवावी. तिच्यात धड कापडाचे तुकडे, कोरी पाने, कामट्या, सुई-दोरा, दाभण असावे. प्रत्येक सणाच्या आधीचे दोन रविवार दुपारी लहान-थोरांनी इथे बसून भेटी कराव्यात. ज्याच्या घरी शिवणयंत्र आहे त्याने ते दोन तास द्यावे. पहिल्या रविवारी आमची एक खाकी पँट अजून शिल्लक आहे, ती आम्ही आणून देतो.

आणि कोणाला तेवढेही जमले नाही, तर त्याने तसेच बहिणीकडे, भावाकडे, मित्राकडे जावे. आम्ही न जाऊन एक वर्ष गमावले. ते काही परत मिळाले नाही.



जय भीम! नमो बुद्धाय!