फाईल नको, रफ वही आणा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी काहींची मुलं आता डिझाइनच्या प्रवेशाच्या वयाला आली आहेत, म्हणून संयोजकांनी मला पोर्टफोलिओवर बोलायला सांगितलं. पोर्टफोलिओ मी दोनदा केला. पहिल्यांदाचा साफ फसला, तोच आधी सांगते.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट आपण सगळ्यांनी दिली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. ठरलेल्या वेळात एक स्वच्छ चित्र पुरं करायचं. हात तयार होतो, यात शंका नाही. पण पोर्टफोलिओ म्हणजे अशाच स्वच्छ चित्रांचा गठ्ठा, असं मी धरून चालले. गणपती, सूर्यास्त, चौकटी आखून फोटोवरून उतरवलेला एक नट, अशी वीस चित्रं घेऊन एका नामवंत संस्थेत मुलाखतीला गेले. नटाचं चित्र बघून त्यांनी विचारलं, "यात तुम्ही काय ठरवलंत?" मला उत्तरच सुचलं नाही.

निवड झाली नाही. त्या वर्षी बाबांची होडी दुरुस्तीला काढली होती. 'अजून एक वर्ष' हे घरी कसं सांगायचं या विचारात मार्व्याच्या बोटीत बसले. घरी न जाता थेट आपल्या चित्रकलेच्या सरांकडे गेले.

सरांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, "रफ वही दाखव." वहीत बोटीवरची माणसं होती, मोटरसायकलचं हँडल घट्ट धरलेले हात होते. बांबूच्या दांड्यांवर जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील होते. "हे का नेलं नाहीस?" खरं उत्तर होतं, लाज वाटली. त्या एसी हॉलमध्ये बोंबील कसे काढायचे?

पुढचं वर्षभर मी एकच गोष्ट काढली. ओहोटीला बोट धक्क्याच्या बरीच खाली जाते. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून डोक्यावर पाटी घेऊन मावश्या उतरतात कशा? आधी कोणता पाय, मोकळा हात कुठे, पाटी कोण देतं? चाळीसेक रेखाटनं झाली. मग पाटीला धरायला एक कडी सुचली, पुठ्ठ्याचा नमुना केला. मावशी हसून म्हणाली, "बाय, या कडीत पदर अडकंल माजा." नमुना बाद. तोही मी पोर्टफोलिओत लावला, खाली मावशीचं वाक्य लिहून. दुसऱ्या मुलाखतीत निम्मा वेळ त्या बाद नमुन्यावरच गेला, आणि या वेळी बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. प्रवेश मिळाला.

आता थोडं कामाचं. पवईच्या आयआयटीतलं आयडीसी १९६९ सालचं. तिथे एम.डिझाइन करायचं तर सीड परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातही हाताने रेखाटन असतंच. मुलाखतीची वेळ त्यानंतर येते. किती पानं, कोणता आकार, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं, तेव्हा त्या वर्षीची सूचना वाचा. मागच्या वर्षीच्या मुलांच्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. प्रत्येक रेखाटनावर तारीख घाला. खोडलेल्या रेषा राहू द्या. गटाने केलेलं काम असेल तर आपला वाटा कोणता, ते स्पष्ट लिहा. लपवलं की दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. चित्रांचे फोटो सकाळी सावलीत काढा, फ्लॅश नको. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तेव्हा मूळ चित्रं प्लास्टिकमध्ये कोंबून माळ्यावर टाकू नका. माझी बारा अशीच गेली.

क्लासवाले तयार पोर्टफोलिओ करून देतात, असंही ऐकते. पैसे वाचवा. त्या मुलाला समोर बसून त्याच्याबद्दल बोलायचं असतं.

जेवणानंतर मी मागच्या वर्गात बसणार आहे. मुलांना पाठवा, पण फाईल नको, रफ वही घेऊन. आणि सर, तुम्ही समोरच बसलात म्हणून विचारते: माझी ती वही अजून तुमच्याकडेच आहे ना?