परवान्याची खरेदी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. मी शिकलो रात्रशाळेत, आणि पुढचे शिक्षण झाले कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. हेलिकॉप्टरमध्ये मी आजवर पाऊल ठेवलेले नाही. परंतु हँगरमध्ये काम करणाऱ्या माणसांच्या संघटनेचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने एक असा व्यवहार मला जवळून पाहावा लागला, की ज्यात वस्तू विकली जात नाही, तरी किंमत दिली जाते. तो आज आपणांपुढे मांडतो.

आपल्या गावात रिक्षा चालते. गाडीला परमिट लागते, चालविणाऱ्याला बॅज लागतो. परमिट दुसऱ्याच्या नावावर करायचे तर आरटीओत खेटे घालावे लागतात, पण ते होते. हेलिकॉप्टर भाड्याने चालविण्याच्या परवान्याचे तसे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, ते हा परवाना एका कंपनीच्या नावाने देते, आणि तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नवा काढावयाचा तर पाच पायऱ्या चढाव्या लागतात: आधी बोलणी, मग रीतसर अर्ज, मग कागदपत्रांची छाननी, मग प्रत्यक्ष तपासणी आणि उड्डाणाचे प्रात्यक्षिक, आणि शेवटी परवाना. प्रत्येक पायरीवर उणीव निघाली की पुन्हा खाली. तोवर हेलिकॉप्टर उभे, वैमानिकाचा पगार चालू, बँकेचे व्याज चालू.

मग शहाणा व्यापारी काय करतो? परवाना विकत मिळत नाही ना, मग परवान्याचा धनीच विकत घेतो! शेत विकता येत नाही म्हणून शेताच्या मालकालाच दत्तक घ्यावे, तसा हा प्रकार. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती. तिचे भाग या हातातून त्या हातात गेले तरी व्यक्ती तीच राहते, आणि तिच्या खिशातला परवानाही तिथेच राहतो. यात बेकायदेशीर काही नाही. अमेरिकेतही हीच तऱ्हा आहे. तिथेही प्रमाणपत्र हस्तांतरित होत नाही, म्हणून लहानसहान हेलिकॉप्टर कंपन्या केवळ त्या कागदासाठी विकत घेतल्या जातात.

पण सरकारही इतके भोळे नाही. भागांचा धनी बदलला की नव्या संचालकांची गृहमंत्रालयाकडून सुरक्षाविषयक चौकशी होते. पैसा कोणाचा, कुठून आला, हे विचारले जाते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही जागांवर कोण माणूस बसला आहे हे नावानिशी पाहिले जाते. कंपनीच्या वतीने जबाबदारी घेणारा व्यवस्थापक, उड्डाणांचा प्रमुख, देखभालीचा प्रमुख, सुरक्षेचा प्रमुख अशा त्या जागा. नुसत्या पदव्या चालत नाहीत, माणूस महासंचालनालयाला मान्य व्हावा लागतो. अमेरिकन नियमात लहान कंपन्यांसाठी अशा तीन जागा सांगितल्या आहेत: उड्डाणांचा संचालक, मुख्य वैमानिक आणि देखभालीचा संचालक. त्यांपैकी कोणी बदलला, किंवा जागा रिकामी पडली, तर दहा दिवसांत कळवावे लागते.

मला हे प्रथम वाचताना फार गंमत वाटली. आम्ही कामगार चळवळीतली माणसे जन्मभर ओरडत आलो, की कारखाना म्हणजे भिंती आणि यंत्रे नव्हेत, माणसे आहेत. आमचे कोणी ऐकले नाही. आणि इथे सरकारच्या नियमानेच ते लिहून ठेवलेले! हेलिकॉप्टरची तपासणी झाली की परवानाधारक अभियंता स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या लायसन्सच्या जोरावर सही करतो. ती सही नसेल तर कोट्यवधींचे यंत्र जमिनीवरून वीतभरही उठत नाही. मालकाच्या सहीने ते उठत नाही, मंत्र्याच्या सहीनेही उठत नाही.

यंत्र आहे पण विश्वास नाही, अशी स्थिती झाली म्हणजे काय होते तेही आपल्या देशाने पाहिले आहे. पवनहंस ही सरकारी कंपनी १९८५ साली स्थापन झाली, मुख्यतः मुंबईच्या समुद्रातील तेलविहिरींवर माणसे नेण्या-आणण्यासाठी. तिच्यासाठी ब्रिटनच्या मदतीच्या पैशातून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे आणली. दोन अपघातांत माणसे गेली, आणि १९९१ साली सगळी जमिनीवर बसविण्यात आली. पुढे ती विकली, तेव्हा आलेला पैसा मूळ किमतीच्या पासंगालाही पुरला नाही.

ह्याच पवनहंसच्या विक्रीची कथा सांगण्याजोगी आहे. तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकारचे, ४९ टक्के तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे. गिऱ्हाईक मिळवण्याचे प्रयत्न पूर्वीही फसले होते. एप्रिल २०२२ मध्ये सरकारच्या ५१ टक्क्यांसाठी स्टार नाइन मोबिलिटी या समूहाची २११ कोटी १४ लाखांची बोली मंजूर झाली. सरकारने ठरविलेली किमान किंमत १९९ कोटी ९२ लाख होती. आता पाहा. कंपनीकडे ४० हून अधिक हेलिकॉप्टरे, पण पुष्कळशी म्हातारी. तोटाही होताच. मग या पैशाने घेणारा काय घेत होता? माझ्या मते यंत्रांपेक्षा अधिक मोलाचे होते ते परवाने, समुद्रावर उडण्याचा अनुभव, आणि तो अनुभव अंगी असलेली माणसे.

पण तेवढ्यात असे उघडकीस आले, की समूहातील एका भागीदाराविरुद्ध कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या कोलकाता पीठाचा आदेश आहे. दिवाळखोरीत निघालेल्या दुसऱ्या एका कंपनीची मंजूर झालेली योजना त्याने पार पाडलेली नव्हती. मे २०२२ मध्ये विक्री थांबली, आणि जुलै २०२३ मध्ये समूहाला अपात्र ठरवून सरकारने ती मोडीत काढली. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ जुहूच्या तळावरचा माणूस रोज सकाळी कामावर येत होता, आणि आपला धनी कोण होणार हे त्याला ठाऊक नव्हते. याच काळात, २८ जून २०२२ रोजी, पवनहंसचे एक हेलिकॉप्टर तेलक्षेत्रात समुद्रावर उतरावे लागले. नऊ माणसे होती, त्यांतली चार गेली. विक्रीचा आणि अपघाताचा संबंध मी जोडीत नाही, तो अधिकार माझा नाही. काम किती जोखमीचे आहे एवढेच मला सांगावयाचे आहे.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एक लहान कंपनी अशीच विकली गेली. नाव सांगत नाही. दोन हेलिकॉप्टरे, तीसएक माणसे. घेणाऱ्यांच्या वकिलांनी तीन महिने कागद चाळले. इंजिन किती तास फिरले, कर्ज किती, कर किती, सगळे पाहिले. पण देखभालीच्या प्रमुखाला ‘तुम्ही राहणार ना?’ एवढे कोणी विचारले नाही. हा रत्नागिरीकडचा माणूस, बावीस वर्षांची नोकरी. त्याला आणि इतरांना एका सोमवारी नवी नेमणूकपत्रे मिळाली. त्यांत लिहिले होते, की नोकरी आजपासून धरली जाईल. म्हणजे बावीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीवर पाणी!

मी कार्यालयात गेलो. व्यवस्थापक मोठा गोड माणूस. म्हणाला, ‘साहेब, कंपनी आता नवी आहे, जुने हिशेब आम्ही कसे चालवणार?’ मी म्हटले, ‘महासंचालनालयाला तुम्ही काय कळवले आहे ते जरा दाखवता का?’ त्याने आढेवेढे घेतले, पण कागद निघाला. त्यात स्वच्छ लिहिले होते, की कंपनी तीच आहे, केवळ भागधारक बदलले आहेत, सबब परवाना पूर्ववत चालू राहावा. मी दोन्ही पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. परवान्यासाठी कंपनी जुनी आणि पगारासाठी नवी! एकाच तोंडाने दोन्ही कसे बोलता? भाग विकले गेले तर मालक कंपनी तीच राहते, आणि नोकरीही अखंड राहते. हे समजायला वकील लागत नाही.

तरी दोन आठवडे घासाघीस चालली. निकाल माझ्या वक्तृत्वाने लागला नाही. त्या रत्नागिरीकराने राजीनामा टेबलावर ठेवला म्हणून लागला. त्याची जागा रिकामी झाली असती तर तसे दिल्लीला कळवणे भाग होते, आणि त्याच्या तोडीचा, मान्य होणारा माणूस आठ दिवसांत बाजारात मिळत नाही. नेमणूकपत्रे मागे घेतली. बावीस वर्षे बावीसच राहिली.

टाळ्या वाजवू नका, गोष्ट अजून संपलेली नाही. त्याच हँगरमध्ये अकरा मदतनीस होते, ठेकेदाराचे. इंधनाची नळी धरणारे, हेलिकॉप्टर ढकलीत बाहेर काढणारे, समुद्रावर जाणाऱ्यांची जीवरक्षक जाकिटे मोजून ठेवणारे. त्यांची नावे परवान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हती. त्यांच्या सहीवाचून काही अडत नव्हते. विक्रीनंतर ठेकेदार बदलला आणि अकराही जणांना घरी बसविले. त्यांतला एक मला म्हणाला, ‘भाऊ, जाकीट मोजायला चुकलो असतो तर माझं नाव लगेच सापडलं असतं की नाही?’

त्यांचा दावा चालू आहे. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.