स्वर्गाच्या दप्तरातील नजरचूक

मृत्यू, परलोक, चेटूक, पिशाच्चयोनी हे विषय एका बाजूस आणि तरुणतरुणींच्या प्रथमदर्शनी प्रेमाची हलकीफुलकी करमणूक दुसऱ्या बाजूस, अशा दोन घराण्यांची सोयरीक जुळवण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर कोणताही व्यवहारी गृहस्थ ती पत्रिका न पाहताच बाजूस सारील. परंतु १९३७ पासून १९४७ पर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत अमेरिकेतील आणि इंग्लंडातील चित्रपटनिर्मात्यांनी ही सोयरीक एकदा नव्हे, अनेकदा जुळवली, आणि ती अशी टिकली, की त्यांच्यामागून आलेले, त्यांच्याहून कितीतरी अधिक खर्चाचे चित्रपट विस्मृतीत गेले असले, तरी हे जुने चित्रपट सहज म्हणून लावले असताही शेवटापर्यंत उठवत नाही. हे आकर्षण कशात आहे? गतकाळाविषयीची हुरहूर, हे उत्तर मला पुरत नाही. कारण जो काळ आपण जगलोच नाही आणि जो देश आपला नव्हे, त्याविषयी हुरहूर ती कसली वाटणार? माझ्या मते त्याचे मूळ एका अनपेक्षित जागी आहे, आणि ती जागा म्हणजे सरकारी कचेरी.

१९४१ सालचा ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ हा चित्रपट पाहा. जो पेंडलटन नावाचा एक भाबडा मुष्टियोद्धा फावल्या वेळात सॅक्सोफोन वाजवतो आणि आपले छोटे विमान आपणच चालवतो. ते विमान कोसळू लागते, तेव्हा परलोकाच्या सेवेत नवखा असलेला ७०१३ क्रमांकाचा दूत, या बिचाऱ्यास उगाच वेदना कशाला, अशा भूतदयेने, विमान जमिनीवर आदळण्यापूर्वीच त्याचा प्राण काढून नेतो. ढगांच्या पटांगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर देखरेख करणारे वरिष्ठ अधिकारी मिस्टर जॉर्डन चौकशी करवतात, तो काय, या इसमाची तारीख १९९१ सालची! म्हणजे तब्बल पन्नास वर्षे आधीच त्यास उचलून आणलेले. परत नेऊन सोडा, असा हुकूम होतो. पण तोवर जोच्या व्यवस्थापकाने देहाचे दहन उरकलेले असते. (आपल्याकडे ही गोष्ट इतकी नित्याची, की तीत कथानकाची गाठ दडलेली आहे हे आपल्या लेखकाच्या ध्यानीही येऊ नये, तिकडे पुरण्याची चाल असल्यामुळेच या दहनाला एवढे मोल आले.) मग कचेरीची चूक कचेरीनेच निस्तरावी, या न्यायाने बदली देहाचा शोध सुरू होतो, आणि बायको व चिटणीस यांनी संगनमताने न्हाणीघरात बुडवून मारलेल्या एका धनाढ्य पेढीवाल्याचा देह समोर येतो. जो पेंडलटन तो देह साफ नाकारतो. इतक्यात या पेढीवाल्याच्या कारस्थानामुळे ज्याच्यावर खोटा आळ येऊन तुरुंगवास ओढवला आहे, अशा एका निरपराध गृहस्थाची कन्या दाद मागण्यासाठी दारात उभी राहते, आणि तिला पाहताच जोचे सर्व आक्षेप आपोआप खारीज होतात.

या साऱ्या प्रकरणात मौज कोणती, तर तीत चमत्कार असा एकही घडत नाही. जे घडते ते सर्व नियमानुसार, शिरस्त्याप्रमाणे आणि योग्य त्या अधिकाऱ्याच्या संमतीने घडते. मिस्टर जॉर्डनची भूमिका करणारे क्लॉड रेन्स हे एखाद्या सज्जन, अनुभवी मामलेदाराप्रमाणे आवाज न चढवता, ओठांच्या कडेला किंचित स्मित ठेवून बोलतात. आणि एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांनी रंगवलेला दूत प्रत्येक कलमाबाबत असा कासावीस होतो, की सेवापुस्तकात शेरा पडण्याची धास्ती घेतलेला कोणताही कारकून त्यात स्वतःस ओळखील. ज्या कल्पनासृष्टीत काहीही घडू शकते, तीत कशाचीच उत्कंठा उरत नाही. उलट जेथे देवदूतासही मुदत, दाखला आणि वरिष्ठांची मंजुरी यांचे बंधन आहे, तेथे दोन जिवांनी एकमेकांस गाठावे हीच मोठी कामगिरी होऊन बसते. ती वाट कायदा मोडून सापडत नाही. कायद्याच्या दोन कलमांमधील फटीतून सापडते. म्हणूनच शेवटी जो तिसऱ्याच देहात शिरतो, त्याची पूर्वस्मृती पुसली जाते, आणि तरीही त्या मुलीशी अचानक गाठ पडताच ती त्याच्या डोळ्यांतले काहीतरी ओळखते, तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. स्मृती जप्त करण्याचा अधिकार कचेरीला होता. नजरेबाबत मात्र तिच्या नियमावलीत कलमच नव्हते.

अर्न्स्ट लुबिच यांच्या १९४३ सालच्या ‘हेवन कॅन वेट’मध्ये हेच दप्तर खालच्या मजल्यावर आहे. जन्मभर स्त्रियांमागे धावलेला एक वृद्ध गृहस्थ मृत्यूनंतर आपण होऊन नरकाच्या स्वागतकक्षात हजर होतो, आणि तेथील अत्यंत सभ्य मुख्याधिकारी त्याची कैफियत शांतपणे ऐकून घेतो. नरकातदेखील प्रवेशाची पात्रता तपासली जाते, ही कल्पनाच मोठी गोड आहे.

चेटकिणीची गोष्ट जराशी निराळी. रने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये १९४२ साली केलेल्या ‘आय मॅरिड अ विच’मध्ये जेनिफर ही चेटकीण आणि तिचा बाप, या दोघांना सेलम गावी जाळून त्यांची राख एका वृक्षाखाली पुरलेली असते. (प्रत्यक्ष सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले, जाळले कोणासही नव्हते, परंतु चित्रपटाला राखच हवी होती.) मरताना तिने शाप दिलेला असतो, की ज्याने आपणास पकडून दिले, त्याच्या वंशातील प्रत्येक पुरुषाचे लग्न नेमके चुकीच्या स्त्रीशी होईल. पुढे अडीचएकशे वर्षांनी त्या झाडावर वीज पडते, दोन धुराच्या वलयांच्या रूपाने बापलेक बाहेर येतात, आणि राज्यपालपदाच्या निवडणुकीस उभा असलेला वूली हा त्या घराण्याचा वंशज जेनिफरच्या तावडीत सापडतो. त्याने आपल्या प्रेमात पडून तळमळावे म्हणून ती मोठ्या खटपटीने वशीकरणाचे पेय तयार करते. भिंतीवरील तसबीर तिच्याच डोक्यावर पडते, तो बिचारा तिला सावरण्यासाठी जवळचा पेला तिच्या ओठांना लावतो, आणि चेटूक चेटकिणीवरच उलटते. आपल्या हत्यारासमोर आपण निःशस्त्र झालेली ही नायिका व्हेरोनिका लेक यांनी अशा काही मंद, झोपाळू खोडकरपणाने उभी केली आहे, की पुढे दूरचित्रवाणीवर १९६४ पासून आठ वर्षे चाललेल्या ‘बीविच्ड’ या मालिकेच्या लेखकास तिचे ऋण मान्य करावे लागले. वूलीच्या लग्नाच्या प्रसंगी प्रत्येक व्यत्ययानंतर गायिका तेच गीत पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करते. त्या बाईच्या चेहऱ्यावरचे उत्तरोत्तर आटत जाणारे हसू एवढ्यासाठीदेखील हा चित्रपट पाहावा. निवडणुकीत वूलीला झाडून सारी मते पडतात, प्रतिस्पर्ध्याचे स्वतःचे मतदेखील. लोकशाहीवरचा याहून निर्मळ विनोद माझ्या पाहण्यात नाही.

यांत्रिक करामतींविषयी एवढेच सांगतो, की त्या काळी त्या मर्यादित होत्या आणि म्हणूनच उमद्या होत्या. १९३७ च्या ‘टॉपर’मध्ये केरी ग्रँट आणि कॉन्स्टन्स बेनेट हे भुतांचे जोडपे टॉपर नावाच्या एका दबलेल्या बँक-अध्यक्षास जगायला शिकवते. मद्य चढलेल्या टॉपरला ती दोघे अदृश्य राहून दोन्ही बगलांना धरून चालवत नेतात, तेव्हा पडद्यावर रोलंड यंग एकटेच आहेत. खांदे वर ताणलेले, पाय अर्धवट जमिनीवर, आणि प्रतिष्ठा सांभाळण्याचा आटोकाट यत्न. भूत दिसते ते त्या नटाच्या शरीरात. पुढे यंत्रांनी वाटेल ते दाखवण्याची सोय झाली, आणि नटाने भूत अंगावर वागवण्याची विद्या मागे पडली.

परंतु या कुळातील मुकुटमणी माझ्या दृष्टीने इंग्रजी आहे. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा चित्रपट १ नोव्हेंबर १९४६ रोजी लंडनमध्ये राजघराण्याच्या उपस्थितीत प्रथम दाखवला गेला. त्याचा आरंभ ऐकून आकाशवाणीवरून बोलणाऱ्या माणसास तर विशेषच भरून येते. कारण त्यातील प्रेम जडते ते केवळ आवाजावर. २ मे १९४५ ची रात्र आहे, युरोपातील युद्ध संपायला आठवडादेखील उरलेला नाही, बॉम्बफेकी विमान पेटलेले, हवाई छत्री निकामी, आणि उडी टाकण्यापूर्वी पीटर कार्टर हा वैमानिक बिनतारी यंत्रावर भेटलेल्या जून या अपरिचित अमेरिकन मुलीशी कविता आणि आईला द्यावयाचा निरोप यांविषयी बोलत असतो. तो मरावयाचाच, परंतु त्यास न्यावयास आलेला दूत, फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झालेला एक नखरेबाज सरदार, इंग्लिश खाडीवरील धुक्यात त्याला गाठू शकत नाही. चूक उघडकीस येऊन दूत पुन्हा येईतो पीटर आणि जून यांची भेट होऊन चुकलेली असते. पीटरचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: मी वेळेवर हजर होतो, चुकला तो तुमचा माणूस, तुमच्या गफलतीमुळे मिळालेल्या अवधीत मी नवी जबाबदारी पत्करली, आता ती मोडण्यास मला जबाबदार धरता येणार नाही. हे शुद्ध दिवाणी स्वरूपाचे म्हणणे आहे, आणि ते परलोकाच्या न्यायासनासमोर रीतसर अपील म्हणून दाखल होते.

त्या खटल्यातील पंचांची निवड हा एक स्वतंत्र राजकीय विनोद आहे. फिर्यादी पक्षाचा वकील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या गोळीने मेलेला पहिला माणूस. आणि प्रथम बसवलेले पंच फ्रेंच, बोअर, रशियन, चिनी, आयरिश आणि एक हिंदी, म्हणजे इंग्रजांशी ज्यांचा जुना हिशेब बाकी आहे असेच सारे. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याच्या सूचनेवरून, अमेरिकन आणि इंग्रज यांच्यातील स्नेह वाढावा म्हणून ज्याची कल्पना निघाली, त्या चित्रपटात ही कबुली असावी, आणि तीही आपला देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी, याचे मला प्रत्येक वेळी कौतुक वाटते. पृथ्वी त्यांनी रंगीत दाखवली आणि परलोक काळापांढरा. दोहोंना जोडणारा १०६ पायऱ्यांचा सरकता जिना प्रत्यक्ष बांधून यंत्राने चालवला. पुरावा म्हणून न्यायासनासमोर ठेवला जातो तो गुलाबाच्या पाकळीवर टिपून घेतलेला जूनचा अश्रू. हे सारे खरोखर परलोकात घडते, की मेंदूस इजा झालेल्या वैमानिकाच्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या भ्रमात, हे ज्याने त्याने ठरवावे, इतकी मोकळीक चित्रपट देतो.

आता लक्षात घ्या, की ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलातले ५५,००० हून अधिक लोक त्या युद्धात परत आले नाहीत. ज्या घरांत तारा पोहोचल्या, त्या घरांतील माणसे तिकिटे काढून हा विनोद पाहावयास बसली होती. मृत्यू ही कारकुनाची नजरचूक आहे, तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो, आणि वर बसलेला अधिकारी निदान ऐकून तरी घेतो, एवढेच हे चित्रपट म्हणत होते. त्यावर कोणाचा विश्वास बसला असेल असे नव्हे; पण दीड-दोन तास तसे समजून हसण्याची मुभा त्यांनी दिली. या हलकेपणाखाली केवढे ओझे होते हे कळले, म्हणजे त्यास पोरकट म्हणण्याचे धाडस होत नाही. ओझे नसलेल्या काळात याच कथा पुन्हा सांगितल्या गेल्या, तेव्हा त्यांतील थट्टा उरली आणि तिची धार गेली. १९७८ साली वॉरन बीटी यांनी जोची कथा नव्याने केली तीही देखणी आहे, पण तिच्यात कोणाच्या दारावर तारवाला उभा नाही.

आपल्याकडेही ही कथा आली. १९६८ साली ‘झुक गया आसमान’मध्ये राजेंद्रकुमार यांनी चुकून उचलला गेलेला तो तरुण साकारला, आणि त्याहून दहा वर्षे आधी बंगालीत भानू बंदोपाध्याय यांच्या ‘जमालये जीवन्त मानुष’मधील जिताजागता माणूस यमलोकात गोंधळ घालून आला होता. आपल्या प्रेक्षकास हे नवखे वाटण्याचे कारणच नव्हते; ज्याच्या घरी चित्रगुप्ताची वही पिढ्यान्‌पिढ्या उघडी आहे, त्यास मिस्टर जॉर्डनचे दप्तर परके कसे वाटावे? किंबहुना या साऱ्या अपिलांतील पहिले अपील वनपर्वात आहे. पतीच्या प्राणाखेरीज काहीही माग, असे यम म्हणतो. सावित्री सासऱ्याची दृष्टी मागते, राज्य मागते, पित्यासाठी शंभर पुत्र मागते, आणि अखेरीस स्वतःसाठीही शंभर पुत्रांचा वर पदरात पाडून घेते, तेव्हा धर्मराज आपल्याच शब्दाच्या कलमात अडकतो. दादासाहेब फाळके यांनी नाशिकला गेल्यानंतर १९१४ साली ‘सत्यवान सावित्री’ केला, आणि तेव्हापासून आपण ही कथा हात जोडूनच पाहत आलो आहोत. त्या उलटतपासणीतील मिस्कीलपणा एखाद्या विनोदी लेखकाने पुरा फुलवावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

ज्या श्रोत्यांना यांतील एकच चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल, त्यांनी तो वैमानिकाचा घ्यावा. दुसऱ्यासाठी सवड झाली तर क्लेअरची चेटकीण. आणि घरात लहान मुले असतील, तर ‘टॉपर’, मात्र मूळचा काळापांढरा, कारण १९८५ साली संगणकाच्या साहाय्याने त्यास जे रंग फासले, त्यांत भुतेच तेवढी सुखरूप राहिली आहेत.