वाघूरच्या वाटेवरील नशिराबाद

जळगांवाहून भुसावळकडे जाणारा प्रवासी नशिराबाद हें नांव बहुधा रस्त्याकडेच्या पाटीवर वाचतो आणि पुढें जातो. त्याला दोष तरी काय द्यावा? खानदेशांत आलेल्या पाहुण्याचें मन आधींच अजिंठ्याकडे लागलेलें असतें. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांखालून वळण घेऊन निघणारी वाघूर नदीच पुढें नशिराबादच्या पूर्वेकडून तापीस मिळावयास जाते, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

गांवांत पाहावयाचें काय, असें शहरी पाहुणा प्रथम विचारतो. जुन्या मशिदी आहेत, झिपरू अण्णा महाराजांची समाधि आहे. दोन्हीकडे पादत्राणें बाहेर ठेवून घटकाभर शांत बसावें. पण या गांवाची जुनी कीर्ति होती ती कांचेच्या बांगड्यांची. भट्टींतला रसरशीत कांचेचा गोळा लोखंडी सळईवर घ्यावयाचा, मातीच्या निमुळत्या साच्यावर गरगर फिरवावयाचा आणि निवण्यापूर्वींच त्याचें कडें करावयाचें! हात किंचित् चुकला कीं कांच वांकडी. गढी ढांसळली तर निदान दगड उरतात. बांगडी फुटली कीं केरांत जाते, आणि घडविणाऱ्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

लिहून ठेविलें गेलें तें लुटीचें. इ. स. १८०१ मध्यें गांव लुटलें गेलें, तेंही पेशव्यांच्या पक्षाच्या एका माणसाकडून. १८०३ च्या दुष्काळाच्या तोंडावर दुसरा लुटारू आला. त्या दुष्काळानें सारा खानदेश होरपळला. तरी १९०१ च्या शिरगणतींत येथें बारा हजारांवर माणसें नांदत होतीं.

जवळच्याच असोद्यांत १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांनाही अक्षरओळख नव्हती. पण चिरंजीव सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनीं त्यांचीं गाणीं उतरून घेतलीं, म्हणून तीं राहिलीं. बांगड्यांच्या कारागिरांना असा सोपानदेव लाभला नाहीं.

जावयाचें तर थंडींत जावें. खानदेशचें वैशाखांतलें ऊन पाहुण्याची भीड धरीत नाहीं. आगगाडीनें येणाऱ्यानें भादली स्थानकावर उतरावें आणि केळीच्या बागा व कपाशीचीं शेतें पाहत तीनएक किलोमीटर पायींच चालावें. कोणाची ओळख असली तर शेतांतल्या भरिताचें आमंत्रण चुकवूं नये. मोठालीं हिरवीं वांगीं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजून लाकडी बडगींत ठेचतात; सोबत कळण्याची भाकरी. पोट भरलें असें म्हणण्याची सोय नसते. यजमानीण आणखी एक भाकरी ताटांत टाकतेच.

तेथेंच, भाकरी मोडतां मोडतां, घरांतल्या वृद्ध आजींना विचारावें कीं त्यांच्या आईच्या हातांत कोठल्या बांगड्या असत आणि त्या कोण भरीत असे. जें सांगतील तें घरीं परतल्यावर वहींत उतरून ठेवावें. कारागिराचें नांव विचारावयास मात्र विसरूं नये.