शनिवारवाड्यामागची हाक



पुण्यात वाढलेला माणूस भुतं मानो न मानो, शनिवारवाड्यातल्या हाकेबद्दल त्याचं काहीतरी मत असतंच. रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ असा आवाज येतो, हे मला पहिल्यांदा आजीनं सांगितलं. तिच्या मते तो अमावास्येला येतो. शाळेतला मित्र म्हणायचा, छे, पौर्णिमेला. साक्षीदारांच्या सांगण्यात पंधरा दिवसांचं अंतर पडलं की उलटतपासणी करावीच लागते. ती मी जरा उशिरा, म्हणजे केस पांढरे व्हायला लागल्यावर केली.

खून खरा, त्याबद्दल वाद नाही. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. वाड्यात गणपती बसलेले. थकलेला पगार मागत गारदी आत घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे जीव मुठीत धरून पळाले ते थेट रघुनाथरावांच्या दालनात, आणि त्यांनी चुलत्याला मिठी मारली. तुळाजी पवारनं त्यांना ओढून काढलं, सुमेरसिंग गारद्यानं वार केला. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला. खरा तपास तो. माझा आपला हौशी.

पण त्या दिवसाची तिथी पाहिली का? भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर. आजी इथेच बाद झाली. मित्रही फार काळ टिकला नाही, कारण हे सगळं घडलं दुपारी एकच्या सुमारास. ज्याला भरदुपारी मारलं, तो हाक मारायला मध्यरात्रीची वाट का पाहील? शिवाय हाक मारायची तरी कुठून? १८२८च्या आगीत वाड्याचं लाकूडकाम जळून गेलं. आज आत जोती आहेत, कारंज्याचा हौद आहे, हिरवळ आहे. ती मिठी जिथे पडली, ते दालनच उरलेलं नाही.

मला याहून एक गोष्ट जास्त खटकते. त्या दुपारी नारायणराव एकटेच गेले नाहीत. धन्याला वाचवायला चापाजी टिळेकर मध्ये पडला, तो तिथेच कापला गेला. इच्छारामपंत ढेरे गेले. एक गायही मारली गेली म्हणतात. पण चापाजीची किंकाळी ऐकलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. गाय हंबरल्याचंही कुणी सांगत नाही. भुतांच्या दुनियेतही मानपान असतो म्हणायचा.

तरीसुद्धा एका पौर्णिमेला मी गेलो. संध्याकाळनंतर आत सोडत नाहीत, म्हणून मागच्या बाजूला, नारायण दरवाज्यापाशी उभा राहिलो. नारायणरावांचा देह याच वाटेनं बाहेर काढला, असं सांगतात. सोबत एक स्नेही होते. ते भुतांना मुळीच भीत नाहीत, फक्त कुत्र्यांना भितात. साडेबारा वाजले. दिवसभर तापलेल्या दगडी भिंतीला पाठ लावली तर अजून ऊब लागत होती. वटवाघळं येत-जात होती. आणि मग कोपऱ्यापलीकडून, तटाला आपटून आल्यासारखी, लांबवलेली हाक आली, ‘का... का...’

स्नेह्यांनी माझा दंड धरला. खोटं कशाला बोलू, मीही त्यांचा धरला.

वळसा घालून पुढे गेलो तर रस्त्याच्या कडेला पाठीवर पिशव्या अडकवलेली दोन कॉलेजची पोरं. त्यातला एक हात उंचावून पुन्हा ओरडला, ‘काका, स्वारगेट?’

रिक्षावाल्या काकांनी नकारार्थी मान हलवली आणि न थांबता ते निघून गेले.