पाय न हलवणारं बाळ



 अस्थिशल्यचिकित्सकांच्या या परिषदेत हाड जोडायच्या प्लेट, खिळे आणि तारा यांवर उत्तम चर्चा होईल. मी मात्र आज शस्त्रक्रियागृहाबाहेरचं बोलणार आहे. मुलांच्या हाडांच्या बाबतीत पुष्कळदा मूल आपल्या टेबलावर येण्याआधीच निकाल लागलेला असतो. तो कुठे लागतो, याचा विचार आपण फार कमी करतो.

हाडातला जंतुसंसर्ग घ्या. मूल खेळताना पडलं होतं, असं आई सांगते. गुडघ्याच्या वर दुखतंय, ताप आहे, पाय टेकवत नाही. एक्स-रे काढतात, 'हाड शाबूत आहे, मुका मार आहे' असं सांगतात आणि मलम देऊन घरी पाठवतात. घात होतो तो इथे. लांब हाडाच्या टोकाशी, हाड जिथून वाढतं त्या ग्रोथ प्लेटलगत, रक्तवाहिन्या वळसे घेतात आणि रक्ताची गती मंदावते. रक्तातून आलेला स्टॅफिलोकोकस जंतू तिथेच ठाण मांडतो. पू साठतो, आतला दाब वाढतो, हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. हे सगळं चालू असताना पहिले ७ ते १० दिवस एक्स-रेमध्ये हाड जवळजवळ निरोगीच दिसतं. त्यात बदल दिसायची वाट पाहिली, तर तोवर हाडाचा तुकडा मेलेला असतो आणि मग खेड्यापाड्यांत ज्याला हाड्याव्रण म्हणतात, ते वर्षानुवर्षं वाहत राहतं. सीआरपी ही रक्ततपासणी, अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं रक्ताचं कल्चर आणि जमेल तिथे एमआरआय, एवढं तरी व्हायला हवं. पण त्याच्याही आधी हाडावर एका बोटाने दाबून पाहावं. नेमक्या एका जागी मूल कळवळलं आणि अंगात ताप असला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो संसर्गच समजायचा. या तपासणीला यंत्र लागत नाही.

तान्ह्या बाळांचं दुखणं याहून कठीण. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या थॉमस स्मिथ यांनी १८७४ साली तान्ह्यांच्या सांध्यांतल्या पुवाबद्दल लिहिलं. त्यातून जी बाळं जगत, त्यांच्यापैकी अनेकांच्या खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा विरघळून गेलेला असे. दीडशे वर्षं उलटली, अँटिबायोटिक आली, तरी असा विरघळलेला खुबा घेऊन लंगडत येणारी मुलं आपल्या बाह्यरुग्ण विभागात आजही दिसतात. साधारण दीड वर्षाच्या आत ग्रोथ प्लेट ओलांडून जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे हाडातला पू थेट सांध्यात उतरतो. नवजात बाळाला तर तापही येईलच असं नाही. लंगोट बदलताना ते किंचाळतं आणि एक पाय नुसता पडून राहतो, एवढीच खूण. ती सगळ्यात आधी दिसते आईला, आजीला किंवा नवजात अतिदक्षता कक्षातल्या सिस्टरला. त्यांचं बोलणं कानाआड करणं आपल्याला परवडणारं नाही. आणि खुब्यात पू आहे असं ठरलं की शस्त्रक्रिया त्याच रात्री व्हावी. उद्याच्या यादीत नाव घालून चालत नाही, कारण पुवातली द्रव्यं कूर्चा खायला काही तासांतच सुरुवात करतात.

हाडातल्या संसर्गाचे उपचार मात्र आता सुटसुटीत झाले आहेत. पूर्वी आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध चाले. फिनलंडमधल्या पेल्टोला यांच्या गटाने २०१० साली दाखवून दिलं, की अँटिबायोटिकच्या मोठ्या मात्रेत पहिले २ ते ४ दिवस शिरेतून आणि पुढे तोंडाने असे एकूण २० दिवस बहुतेक मुलांना पुरतात. रोजंदारी बुडवून खाटेशी बसलेल्या बापासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण ते निष्कर्ष वेळेवर आलेल्या मुलांचे आहेत. नवजात बाळ, उशिरा आलेलं मूल किंवा साध्या औषधांना न जुमानणारा जंतू असेल, तिथे हा हिशेब लावू नये. नंदुरबार-गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांना आणखी एक पेच ठाऊक आहे. सिकलसेल आजार असलेल्या मुलात रक्त अडून हाड दुखतं तेही संसर्गासारखंच दिसतं, आणि खरा संसर्ग असला तर तिथे साल्मोनेलाचाही विचार करावा लागतो.

आता मोडलेल्या हाडांकडे येतो. झाडावरून, गच्चीवरून, घसरगुंडीवरून मूल हातावर पडतं आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. मुलांची हाडं भराभर जुळतात, थोडा बाक वाढीबरोबर आपसूक सरळही होतो. धोका असतो तो रक्तपुरवठ्याला. सुजलेल्या हाताला गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, किंवा आपल्याच एखाद्या केंद्रात पूर्ण बंद प्लास्टर घातलं, तर आतले स्नायू गुदमरून मरतात आणि बोटं कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली या आखडण्याचं कारण उलगडून सांगितलं होतं. मूल सारखं रडतंय, अस्वस्थ आहे, वेदनाशामक वाढवून मागतंय, बोटं सरळ करताना ओरडतंय, तर पट्टी त्या क्षणी कापावी. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये.

हाडवैद्यांना नावं ठेवून आपली सुटका नाही. पाड्यावर रात्री उपलब्ध असतो तो तोच, आणि गावाचा विश्वासही त्याच्यावरच असतो. इथिओपियात अशा वैद्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं आणि गँगरीनमुळे हात-पाय कापावे लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घट्ट बांधू नका, बोटं उघडी ठेवा, काळीनिळी किंवा थंड पडली तर सोडा आणि पाठवा, कोपराला तेल लावून चोळू नका, इतकं शिकवायला एक दिवस पुरतो. आपल्या जिल्ह्यांत हे का होऊ नये?

म्हणून माझं मागणं आहे. इथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या जवळचं एक ग्रामीण रुग्णालय निवडावं. तिथले डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि परिसरातले हाडवैद्य यांना एकत्र बसवून ताप असताना पाय न टेकवणारं मूल, एक हात किंवा पाय न हलवणारं बाळ आणि प्लास्टरमध्ये सतत रडणारं मूल ओळखायला शिकवावं. भिंतीवर आपला मोबाइल नंबर लिहून यावा, आणि रात्री तो वाजला तर स्वतः उचलावा.